खाजणातला लव्हाळा ओळखा, जमिनीचा खार जाणा



कोकणात खाडीकाठी ज्यांची भातशेती आहे, त्यांच्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो. बांध दुरुस्त केला, उघाडी नीट बसवली, पावसाने जमीन धुतली; आता खार उतरला का? याचे पक्के उत्तर माती परीक्षणातूनच मिळते. पण त्याआधी शेतात आपोआप उगवणाऱ्या वनस्पती बरीच कल्पना देतात. त्यासाठी त्या नीट ओळखता आल्या पाहिजेत.

बारीक पानांचे जे दिसेल त्याला आपण गवत म्हणतो. त्यातले खरे गवत कोणते, हे खोडावरून कळते. गवताच्या खोडावर पेरी असतात आणि ते बहुधा गोल व पोकळ असते. लव्हाळ्याच्या कुळातील बहुतेक वनस्पतींचे खोड भरीव, बिनपेऱ्यांचे आणि कमीअधिक त्रिधारी असते.

आता लव्हाळ्यातले दोन प्रकार पाहू. पहिला आपल्या ओळखीचा, म्हणजे नागरमोथा. याच्या धारा स्पष्ट असतात, जमिनीत वास येणाऱ्या गाठी असतात आणि कणसे लांब, चपटी, तांबूस-तपकिरी असतात. दुसरा खाऱ्या जागी वाढणारा आहे. त्याचे शास्त्रीय नाव फिम्ब्रिस्टायलिस फेरुजिनिया. सोयीसाठी आपण त्याला 'खारा लव्हाळा' म्हणू. तो झुबक्याने वाढतो. त्याला नागरमोथ्यासारख्या गाठी नसतात. खोडाच्या धारा बोथट असतात. पाने फार आखूड, काही वेळा बुडाशी नुसते वेष्टनच दिसते. टोकाला गंजाच्या रंगाची, अंडाकृती, गोलसर कणसे थोडीच असतात. कणीस हातात घेतले की दोघांतला फरक लगेच कळतो.

हा फरक महत्त्वाचा का? नागरमोथा जवळजवळ सर्व जमिनीत येतो, पण जास्त खार त्याला सोसत नाही. खारा लव्हाळा मात्र मचूळ, पाणथळ जागी खुशाल वाढतो. शेतात त्याचा पट्टा हिरवागार दिसला म्हणून जमीन गोडी झाली असे समजून नेहमीचे भात लावले, तर बियाणे व मजुरी दोन्ही वाया जाण्याचा धोका असतो.

असा पट्टा दिसल्यास पुढील कामे करावीत.

१. उघाडीतून भरतीचे पाणी आत झिरपते का, बांधाला खेकड्यांची बिळे आहेत का, ते पाहून दुरुस्ती करावी.

२. त्या पट्ट्यातील मातीचा नमुना उरलेल्या शेतात न मिसळता वेगळा तपासावा. क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आल्यास जमीन क्षारयुक्त समजावी.

३. पावसाचे पाणी खाचरात साठवून ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडावे. असे पुन्हा पुन्हा केल्याने क्षार धुऊन जातात.

४. पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखी खार सहन करणारी भाताची जात निवडावी.

बांधाबाहेरचा खारा लव्हाळा मात्र उपटू नये. त्याची मुळे चिखल धरून ठेवतात.

वनस्पतीवरून अंदाज घ्यावा, परीक्षणाने खात्री करावी आणि मगच लावणी करावी, एवढीच विनंती.