वृद्ध गुच्छांतील निळे तारे



शौरी तारकासमूहांत एक गोलाकार तारकागुच्छ आहे. मेसिए यांच्या यादींतील हा तेरावा. इ. स. १९०० सालीं अमेरिकेंतील यर्किस वेधशाळेचे ज्योतिषी बर्नार्ड यांनीं त्यांतील चमत्कारिक ताऱ्यांविषयीं लिहिलें. हे तारे दुर्बिणींतून डोळ्यांस मंद, परंतु छायाचित्रांत ठळक दिसत. त्या काळच्या छायाचित्राच्या कांचा निळ्या प्रकाशानें अधिक उमटत. तेव्हां हे तारे निळे, अर्थात् अतितप्त होत.

आतां निळा तेजस्वी तारा म्हणजे सामान्यतः तरुण व उधळ्या. आणि हा गुच्छ तर हजार कोटी वर्षांहून जुना! मग हे तरुण तेथें आले कोठून? आम्ही म्हणतों, ते तरुण नव्हेतच. उतारवयांत तारा फुगून तांबडा होतो, त्याचें वायुरूप आवरण झडतें व तप्त गाभ्यावर पातळ पदर तेवढा उरतो. पदर जितका पातळ, तितका तारा निळा. अशा बहुतेकांच्या गाभ्यांत हेलियम जळत असतो, हें हॉइल व श्वार्झशिल्ड यांनीं १९५५ सालीं मांडिलें. बर्नार्ड यांच्या नांवानें ओळखला जाणारा तारा त्याही पुढच्या पायरीवरचा आहे.

परंतु आवरण झडावें किती? मेसिए यांच्या यादींतील तिसऱ्या गुच्छांत धातूंचें प्रमाण जवळजवळ तेराव्याइतकेंच. तरी तेथें हेलियम जाळणारे तांबूस तारे पुष्कळ, येथें बहुतेक निळेच. वयांतील अंतर, हेलियमचें कमीअधिक प्रमाण, अशीं कारणें सांगतात. पण झडतीचा आंकडा सिद्धान्तांतून आपोआप निघत नाहीं. तो आजही वेधांशीं जुळवून घ्यावा लागतो.