शेजारचं वायफाय: चोरी, उसनवारी की हक्क?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



काल चर्चेत एकीनं विचारलं, "ताई, शेजारच्यांच्या वायफायला पासवर्डच नाही. वापरलं तर ती चोरी का?" सगळ्याजणी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण ही गोष्ट मी स्वतः केलेली आहे.

एम.एस.डब्ल्यू.चा प्रबंध लिहिताना मी नांदेडला भाड्याच्या खोलीत राहत होते. शेजारच्या घरचं वायफाय उघडंच असे. रात्री अकरानंतर मी ते जोडायची आणि संदर्भ उतरवून घ्यायची. त्यांचं काय जातं, असं मनाला समजवायची. पण त्यांचा डेटा मोजून मिळणारा होता. तो महिना संपायच्या आत संपायला लागला. घरात चौकशी झाली. संशय कुणावर गेला असेल? बारावीतल्या मुलीवर. "रात्रभर कुणाशी बोलतेस?" म्हणत वडिलांनी तिचा मोबाईल काढून घेतला. भिंतीपलीकडे बसून मी सगळं ऐकलं. खरं काय ते जाऊन सांगायला मला आठ दिवस लागले. मोबाईल तिला परत मिळाला. पण तिनं ऐकून घेतलेले शब्द कोण परत घेणार?

आपण ज्याला फुकट म्हणतो त्याची किंमत कुणीतरी भरत असतं. आणि घरात ती बहुतेक वेळा मुलीच्या किंवा सुनेच्या वाट्याला येते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पासवर्ड नसणं म्हणजे परवानगी, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. दार उघडं दिसलं म्हणून आपण कुणाच्या स्वयंपाकघरात शिरत नाही.

ज्याचं वायफाय उघडं, त्याच्यावरही संकट येतं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाच्या वायफायवरून गेला होता. पोलीस त्यांच्या दारात आले, संगणक जप्त झाले, चौकशी झाली. ई-मेल दुसऱ्याच कुणी पाठवला होता. हेच आपल्या एखाद्या वस्तीत, एकट्या बाईच्या घरी झालं तर? तिच्या बाजूनं बोलायला कोण उभं राहील? म्हणून जिच्या नावावर कनेक्शन आहे, तिनं पासवर्ड घातलाच पाहिजे.

आणखी एक धोका आपल्या कामाशी जोडलेला आहे. मारहाण सोसणारी बाई कधी कधी शेजारच्या वायफायवरून मदत शोधते. तिला चोर म्हणायची माझी हिंमत नाही. पण तिला हे सांगा की, कोणता मोबाईल जोडला गेला ते राउटरच्या मालकाला दिसू शकतं. तो मालक नवऱ्याचा मित्र असला तर? अडचणीच्या वेळी १८१ किंवा ११२ ला साधा फोन लावावा. त्याला इंटरनेट लागत नाही.

मग गरजवंत बाईनं करायचं काय? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. शेजारणीच्या बोअरला पाणी असलं तरी आपण आधी हाक मारली, मगच घागर लावली. इथंही तसंच करावं. विचारावं, महिन्याचे थोडे पैसे द्यावेत, आणि दुसऱ्याला जोडून देणं आपल्या कंपनीच्या अटींत बसतं का, ते देणारीनंही पाहावं.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण फक्त गरीब बाईला शिस्त शिकवली, असं होईल. मुळात तिला शेजाऱ्याच्या भिंतीला कान का लावावा लागतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के आणि बायका ३३ टक्केच निघाल्या. घरात इंटरनेट असतं, पण ते तिच्या हातात नसतं.

केरळात एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलं. ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टानं तिला परत घ्यायला लावलं. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टानं सांगितलं. शिकवण्यांसाठी लातूरला येऊन राहणाऱ्या आपल्या मुलींना हा निकाल माहीत हवा.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं. मग बचत गटानं का देऊ नये? पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत हा विषय आपणच काढू या.

माझ्यामुळे त्या मुलीनं आठ दिवस बोलणी खाल्ली. लपून घेतलं की असंच होतं. म्हणून शेजारणीकडे मागायचं ते विचारून, आणि सरकारकडे मागायचं ते हक्कानं, मोठ्या आवाजात.