निरुपद्रवी इशाऱ्याचा बंदोबस्त

शनिवार पेठेंतील एखादा विद्यार्थी आपल्या खोलींत लिनक्सवरचा एक लहानसा कार्यक्रम सुरू करतो, असें समजावें. पडद्यावर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचें चित्र स्वच्छ उमटतें. परंतु टर्मिनलमध्यें एक इंग्रजी ओळ पुनःपुन्हां येते : ‘लिबपीएनजी वॉर्निंग : आयसीसीपी : नोन इनकरेक्ट एसआरजीबी प्रोफाइल.’ चित्राबरोबरचें रंगाचें टिपण सदोष आहे, एवढाच तिचा अर्थ. रंग बिघडत नाहींत, कार्यक्रमहि थांबत नाहीं. मग तक्रार कसली?

चित्रांतील तांबडें म्हणजे नेमकें कोणतें तांबडें, हें सांगणाऱ्या टिपणास प्रोफाइल म्हणतात. पुण्यांत १८७८ मध्यें चित्रशाळा निघाली, त्या काळच्या शिळाछापांत प्रत्येक रंगाची शिळा निराळी असे आणि छटेचा निवाडा कारागिराचा डोळा करी. संगणकास डोळा नाहीं. त्याला आंकडेच हवेत. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्यें ‘एसआरजीबी’ हें प्रमाण सुचविलें. त्याचें ३१४४ बाइटांचें एक प्रोफाइल असंख्य चित्रांना चिकटून जगभर पसरलें. त्यांत पांढऱ्या रंगाचे आंकडे ‘डी ५०’ या प्रकाशाचे हवे होते, ते ‘डी ६५’ चे पडले. कोणाच्या लक्षांत येण्याजोगी ही चूक नव्हती; पण २०१३ मध्यें लिबपीएनजीची १.६ ही आवृत्ति निघाली, ती अशीं टिपणें तपासूं लागली आणि जुनी चूक बोलकी झाली.

सोपा उपाय म्हणजे सगळेच इशारे ‘डेव्ह-नल’ मध्यें लोटून देणें. पुष्कळजण तेंच करतात, आणि तेंच घातक आहे. उद्यां एखादी फाइल खरोखर नाहींशी झाली, तर ती ओरडहि त्याच विहिरींत जाते.

खरें काम पॅकेजच्या मूळ चित्रांत आहे. ‘ऑप्टिपीएनजी’ किंवा ‘पीएनजीक्रश’ यांनीं टिपण काढून टाकतां येतें. त्याच्या जागीं एका बाइटाची एसआरजीबी खूणहि पुरते. बोटभर चिन्हाला ३१४४ बाइटांचें टिपण म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! ‘मॉग्रिफाय’ मात्र जपून वापरावें. तें मूळ फाइलवरच लिहितें, आणि ‘स्ट्रिप’ सांगितलें कीं चित्रकाराचें नांव व हक्काची नोंदहि पुसतें. प्रत आधीं राखून ठेवावी. शिवाय ‘अॅडोबी आरजीबी’ सारख्या निराळ्या प्रमाणाच्या छायाचित्राचें टिपण काढलें, तर रंग खरोखरच फिके पडतात. तें तसेंच राहूं द्यावें.

एक अडचण उरते. साधा पॅच अक्षरांच्या ओळींचा असतो. चित्रांतील बदल त्यांत मावत नाहीं. म्हणून पॅकेज बांधणारा बहुधा बांधणीच्या वेळींच टिपण काढण्याची आज्ञा घालतो, आणि सुधारलेलीं चित्रें मूळ कर्त्याकडे वेगळीं धाडतो. कर्त्यानें तीं स्वीकारलीं नाहींत, तर पुढच्या आवृत्तीबरोबर तीच चित्रें परत येतात आणि ती आज्ञा पुन्हां चालवावी लागते.