तुम्ही मराठी वाटलात!



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषेचा अभ्यासक नाही. पण आमच्या कामात एका गोष्टीला चुकीचं नाव दिलं की पुढे सगळीकडे घोळ होतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं.

काही वर्षांपूर्वी पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो. घरमालकांशी फोनवर दहा-पंधरा मिनिटं छान बोलणं झालं. शेवटी मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "अरे, तुम्ही मराठी वाटलात!" घर अर्थातच मिळालं नाही. मराठी ही भाषा, मुस्लिम हा धर्म. मग हे विरुद्धार्थी शब्द कधी झाले?

म्हणून जुने शब्द चाळले. 'यवन' म्हणजे मुळात आयोनियातला ग्रीक. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांचे शिलालेख आहेत, तेही इस्लामच्या कित्येक शतकं आधीचे. पुढे तोच शब्द आम्हाला चिकटला. 'अविंध' म्हणजे कान न टोचलेला. (माझ्या आजीच्या एकेका कानाला पाच-पाच भोकं होती, पण असो.) एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त वंशाचं नाव धर्मासाठी येतं. इंग्रजांनी 'मोहमेडन' केलं, जणू आम्ही पैगंबरांची उपासना करतो. 'मुस्लिम' हा अरबी शब्द, ईश्वराला समर्पित या अर्थाचा. 'मुसलमान' फारसीतून आलेला. तो शिवी नाही. तरी माझे काही सहकारी तो उच्चारताना आवाज खाली आणतात. माझी त्यांना विनंती असते, मोठ्याने म्हणा.

गावात हा शब्द फारसा लागतच नसे. आम्ही तांबोळी, शेजारी बागवान, पलीकडे मुलाणी, पिंजारी. ऐकायला गोड वाटतं, पण लग्न जमवताना हीच नावं जातीसारखी आडवी येतात. तेव्हा त्या काळाचं फार कौतुक मी करणार नाही.

आणि आपण तरी काय करतो? परवा आई म्हणाली, "शेजारच्या मराठी लोकांकडे हळदीकुंकू आहे." मी तिला म्हटलं, "अम्मी, आपण कोण मग?" ती चिडली. "मग काय म्हणू त्यांना?"

"काकूंकडे आहे, एवढंच म्हण."

सध्या तरी घरात तसं चाललंय. अधूनमधून चुकते, मीही चुकतो.