आयातीमुळे बेकार झालेला कामगार : अमेरिकेतील साठ वर्षांचा प्रयोग

परदेशी माल स्वस्त मिळू लागला, की त्याचा लाभ कोट्यवधी ग्राहकांना थोडाथोडा होतो. तोटा मात्र विखुरत नाही. तो एखाद्या गावातील एका गिरणीवर येऊन कोसळतो. जकात कमी करण्याचा निर्णय जर राष्ट्राने घेतला, तर त्याची किंमत त्या गिरणीतील कामगारांनीच का मोजावी? हा प्रश्न अमेरिकेत पोलाद कामगार संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्डोनल्ड यांनी १९५४ मध्ये शासकीय आयोगापुढे मांडला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत, १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात, त्यावर ‘व्यापार समायोजन साहाय्य’ हा उपाय योजण्यात आला.

कायदा उदार होता, परंतु त्याचे दार अरुंद होते. जकातीत दिलेली सवलत हेच आयात वाढण्याचे प्रमुख कारण आणि ती आयात हेच बेकारीचे प्रमुख कारण, असे दुहेरी प्रमाण द्यावे लागे. परिणामी नोव्हेंबर १९६९ पर्यंत एकाही कामगारगटाचा अर्ज मान्य झाला नाही! सात वर्षे योजना केवळ कागदावर राहिली. शासकीय योजनांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना पात्रतेच्या अटीतील एका शब्दाचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको.

१९७४ च्या कायद्याने ही अट सैल केली. आयातीचा बेकारीस ‘महत्त्वाचा हातभार’ लागला, एवढे दिसणे पुरेसे ठरले. निर्णयाचा अधिकार कामगार खात्याकडे आला आणि अवघ्या तीन कामगारांनाही अर्ज करता येऊ लागला. पूर्वीच्या वेतनाच्या ७० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळे. पुढे जपानी मोटारींची स्पर्धा वाढली आणि १९८० मध्ये लाभधारकांची संख्या पाच लाखांवर, तर खर्च सुमारे १६० कोटी डॉलरांवर गेला. यांतील बरेचसे कामगार काही काळाने आपल्या जुन्याच कारखान्यात परतले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९८१ मध्ये शासनाने साहाय्य सामान्य बेकारी भत्त्याच्या पातळीवर आणले आणि तो भत्ता संपल्यानंतरच ते देण्याचे ठरविले. १९८८ पासून नव्या व्यवसायाचे प्रशिक्षण घेणे ही सर्वसाधारण अट झाली.

प्रशिक्षण या शब्दामागे काय दडलेले असते, हे उत्तर कॅरोलायना राज्यातील कॅनापोलिस या गावी दिसून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनन घराण्याने गिरणीसाठीच वसविलेले हे गाव. टॉवेल आणि चादरी हा तेथील माल. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनीने आपल्या गिरण्या बंद केल्या आणि त्या एका राज्यातील सुमारे ४,८०० कामगार बेकार झाले. कर्जाचा बोजा आणि स्वस्त आयात अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. या कामगारांपैकी जवळजवळ निम्म्यांचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. ज्यांनी आयुष्य मागावर काढले, त्यांना संगणक वा रुग्णसेवा शिकण्यापूर्वी शालान्त परीक्षेची तयारी करावी लागली. गावाजवळील रोवन-कॅबॅरस सामुदायिक महाविद्यालयाने त्यांच्यासाठी वर्ग उघडले. २००२ च्या सुधारित कायद्यानुसार आरोग्य विम्याच्या हप्त्याचा ६५ टक्के भार शासन उचलीत असे. पण पगार थांबलेल्या घरास उरलेले ३५ टक्के भरणेही जड जाई. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी याच कायद्याने एक निराळी सोय केली होती. कमी पगाराची नोकरी पत्करल्यास जुन्या व नव्या वेतनातील निम्मा फरक, एकूण १०,००० डॉलरच्या मर्यादेत, दोन वर्षेपर्यंत मिळे. उतारवयात पुन्हा वर्गात बसविण्यापेक्षा ही सोय अधिक समंजस होती, असेच म्हणावे लागेल.

या साऱ्याचे फलित काय? २०१२ च्या एका शासकीय मूल्यमापनात असे आढळले, की बेकारीनंतरच्या चार वर्षांत योजनेत सहभागी झालेल्यांची कमाई तुलनेस घेतलेल्या इतर बेकारांहून कमी भरली. प्रशिक्षणाच्या काळात कमाई बुडते, हे त्याचे एक उघड कारण. नंतरच्या एका संशोधनात दहा वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा लाभधारकांची एकत्रित कमाई सुमारे ५०,००० डॉलरांनी अधिक दिसली. ऑटर, डॉर्न व हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली : चिनी आयातीचा तडाखा बसलेल्या भागांत अपंगत्व निवृत्तिवेतनावरील शासकीय खर्च या योजनेच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक वाढला. म्हणजे बहुसंख्य कामगारांपर्यंत योजना पोहोचलीच नव्हती.

आपल्याकडे १९८६ मध्ये केंद्र शासनाने कापड गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना सुरू केली. तिचे निमित्त आयात नव्हते, तर गिरणी कायमची बंद होणे हे होते. वेतनाच्या पहिल्या वर्षी ७५, दुसऱ्या वर्षी ५० व तिसऱ्या वर्षी २५ टक्के असे उतरते साहाय्य तीत होते.

अमेरिकेतील योजनेची मुदत काँग्रेसने वाढविली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर करणे थांबले. त्यापूर्वी मान्यता मिळालेल्यांचे लाभ चालू राहिले. त्यानंतर बेकार झालेल्यांना सामान्य प्रशिक्षण योजना आणि आपापल्या राज्याचा बेकारी भत्ता यांवर विसंबावे लागले. प्रशिक्षण व शालेय अभ्यास धरून जुन्या योजनेत बेकारी भत्त्यासह कमाल १३० आठवडे आधार मिळू शके. कॅनापोलिस ज्या राज्यात आहे, त्या उत्तर कॅरोलायनाने २०१३ मध्येच बेकारी भत्त्याची मुदत २६ आठवड्यांवरून १२ ते २० आठवड्यांवर आणली होती.