संगणक-सुरक्षेचा व्यवसाय : सुरुवात कोठून करावी?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला नेमून दिलेल्या विषयाची पदवी माझ्यापाशी नाही. मी इतिहास आणि मराठी शिकविणारा बी. ए., बी. एड. शिक्षक. परंतु दहावीचा निकाल लागला की पालक शाळेच्या व्हरांड्यात मलाच गाठतात आणि विचारतात, "सर, मुलाला हॅकिंगच्या कोर्सला घालू का?" म्हणून आमच्या शाळेतून गेलेली आणि आज पुण्या-मुंबईत हे काम करणारी मुले-मुली सुट्टीत गावी आली, की मी त्यांना बसवून घेतो आणि खोदून खोदून विचारतो. त्यातून जे उमगले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

हे काम आहे तरी काय? सिनेमात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे धावतात आणि नायक दोन मिनिटांत बँक उघडतो. प्रत्यक्षातले काम पुष्कळसे घरच्या आवराआवरीसारखे आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांना कुलपे घातली. ब्रिटनमधील इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो प्रोग्राम शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन महिने हाताशी असताना अनेकांनी ती बसविलीच नाही! दुरुस्त्या वेळेवर बसविणे, माहितीच्या प्रती जपून ठेवणे, कोणाला कोणत्या दारापर्यंत जाऊ द्यायचे ते ठरविणे आणि कोण आले-गेले त्याच्या नोंदी वाचणे, यातच या व्यवसायाचा बराचसा दिवस जातो.

दुसरे उदाहरण घराजवळचे, पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. एटीएममधून पैशांची मागणी आली की तिला 'हो' किंवा 'नाही' म्हणणारी एक यंत्रणा असते. चोरट्यांनी तिच्याऐवजी 'हो' म्हणणारी आपली बनावट यंत्रणा मध्ये घातली आणि ११ ऑगस्ट २०१८ रोजी २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे उपसले. दोन दिवसांनी आणखी रक्कम परदेशी खात्यात वळविली. सारे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला शनिवार होता. या कामात रात्रपाळी आणि रविवार का असतात, ते यावरून ध्यानी यावे.

आता पैशांचे बोलू. एका विद्यार्थ्याचे वडील आखातात होते. सहा महिन्यांत 'एथिकल हॅकर' आणि शंभर टक्के नोकरी, अशी जाहिरात पाहून आईने बांगड्या गहाण ठेवून फी भरली. मुलगा तयार साधने चालवायला शिकला, देखणे प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीला गेला. तेथे त्याला एकच विचारले : ब्राउझरमध्ये पत्ता लिहून एंटर दाबल्यावर पान समोर येईपर्यंत काय काय घडते? त्याला सांगता आले नाही. मुलगा हुशार होता; पण त्याला घराचे दरवाजे किती हे न सांगताच कुलपे विकली होती.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तर ऐका. संगणकांचे आपसातले काम नावावर नव्हे, क्रमांकावर चालते. म्हणून तुमचा संगणक प्रथम डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा क्रमांक विचारतो. मग त्या क्रमांकाच्या सर्व्हरला हाक देतो. तो ओ देऊन उलट हाक देतो. तुमचा संगणक पुन्हा ओ देतो. त्यानंतर सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवितो, दोघे मिळून गुप्त किल्ली ठरवितात, आणि मगच पान मागितले जाते. यातील प्रत्येक पायरीवर चोर उभा राहू शकतो. पायऱ्याच ठाऊक नसतील, तर पहारा कोठे ठेवणार?

म्हणून क्रम असा धरावा : आधी नेटवर्किंग, मग लिनक्स आणि थोडे प्रोग्रामिंग, सुरक्षा त्यानंतर. दहावीनंतर आयटीआयचा 'कोपा' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतली, तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बारावीनंतर बी.एस्सी. आयटी, संगणकशास्त्र किंवा बीसीए आहेच. पुढे सी-डॅकची याच विषयाची पदव्युत्तर पदविका आहे, तिला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एमएस-सीआयटी अवश्य करावे, मात्र ती संगणकाची बाराखडी आहे हे विसरू नये. आणि पहिली नोकरी हेल्पडेस्कवर किंवा नेटवर्क दुरुस्तीची मिळाली, तर पालकांनी तोंड वाकडे करू नये. माझे बहुतेक विद्यार्थी त्याच दारातून आत गेले.

सरावाला पैसे लागत नाहीत. बऱ्याचशा जुन्या संगणकांवरही लिनक्स चालते आणि ते मोफत मिळते. 'ओव्हर द वायर' या संकेतस्थळावरील 'बँडिट' हा खेळ लिनक्सच्या आज्ञा एकेक कोडे घालून शिकवितो. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'पिको सीटीएफ' स्पर्धा मुख्यतः शाळकरी मुलांसाठी आहे. 'स्वयम्' वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. शेजाऱ्याचा वायफाय, मित्राचे खाते, शाळेचा संगणक यांवर हात चालवून पाहू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून आत शिरले तरी भरपाईची जबाबदारी येते. तेच लबाडीच्या हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी गंमत करीत होतो' हे उत्तर पोलीस ठाण्यात फारसे उपयोगी पडत नाही. ज्या कंपन्या स्वतःहून दोष शोधण्याचे आमंत्रण देतात, तेथेही त्यांनी आखलेल्या रेषेच्या आतच राहावे लागते.

माता-भगिनी विचारतात, मुलींना हे क्षेत्र कसे? रात्रपाळीची काळजी रास्त आहे. नोकरी घेण्यापूर्वी येण्या-जाण्याच्या गाडीची व्यवस्था स्पष्ट विचारून घ्यावी. पण सगळे काम रात्रीचे नाही. नियमांची तपासणी आणि लेखापरीक्षण ही कामे बहुधा दिवसा चालतात, आणि त्यांत नीटनेटके लिहिणाऱ्याला मान आहे. अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, म्हणून उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलामुलींनी रोज इंग्रजीचे अर्धे पान स्वतःच्या शब्दांत लिहावे. नोंदी वाचणे तर मला माझ्या इतिहासासारखेच वाटते : कोण आला, केव्हा आला, कोठून आला, आणि तो खरे बोलतो आहे काय?

येत्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर संगणक-कक्ष दीड तास उघडा राहील. आपली एक माजी विद्यार्थिनी महिन्यातून एकदा येऊन नेटवर्किंग शिकविणार आहे. एरवी मी असेन, आणि मीही तुमच्यासारखा वही घेऊनच बसेन. नववीपासूनच्या मुलामुलींनी वर्गशिक्षकांकडे नावे द्यावीत. फी नाही.