बदक का पडत नाही?



गेल्या भाऊबीजेला बहीण घरी आली, सोबत दहा वर्षांची भाची. तिला दाखवावा म्हणून मी माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला. भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला पिवळी आणि पांढरी पिन जोडली, कॅसेट बसवली, बटण दाबलं. पडद्यावर नुसते राखाडी चौकोन. माझा हात आपोआप कॅसेटकडे गेला. ती काढली, तोंडाशी आडवी धरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारली आणि परत खोचली. मारिओ हजर!

नव्वदच्या दशकातल्या मुलांना ही फुंकर कोणी शिकवावी लागली नाही. पण खरं काम ती करत नसे. कॅसेटच्या तळाला धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्या खाचेतल्या पिनांना नीट टेकल्या की गेम चालतो. काढून परत बसवताना त्या टेकत आणि श्रेय फुंकरीला जाई. उलट श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या काळवंडतात. आता आम्ही जुने गेम सांभाळणारे लोक कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पुसतो.

कॅसेट चालवणारं हे यंत्र मूळचं जपानी. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ते घडलं. त्याची कामापुरती मेमरी २ किलोबाइट. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. जागा वाचावी म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांना एकच चित्र वापरलं, रंग तेवढा बदलला. आपल्या घरांत पोचल्या त्या बहुतेक या यंत्राच्या स्वस्त नकला.

मग भाचीने बंदूक उचलली. १९८४चा ‘डक हंट’, आपला बदकांचा गेम. गवतातून बदक उडालं, तिने नेम धरला, चाप ओढला. बदक निघून गेलं. दुसरं गेलं, तिसरंही गेलं. गवतातून डोकं काढून कुत्रा हसला. “मामा, बंदूक बिघडलीय.”

बंदूक ठणठणीत होती. गंमत अशी की त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार, मग उजेड असं बंदुकीला दिसलं की नेम लागला. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला सुमारे १५ हजार रेघा ओढत चित्र काढतो आणि मूळ बंदूक तीच लुकलुक ओळखते, म्हणजे घरातल्या दिव्याने ती फसत नाही. चपट्या टीव्हीत ती लुकलुकच नाही. शिवाय आलेलं चित्र आधी नीटनेटकं करून मग तो दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदुकीची बघण्याची वेळ टळून जाते.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. कोपऱ्यात धूळ खात पडलेला १४ इंची डबा टीव्ही त्याने रिक्षात ठेवून दिला. घरी आणून लावला, काचेवर अंगावरचे केस उभे करणारी ती ओळखीची सुरसुर आली. भाचीने चाप ओढला. पांढरा चौकोन चमकला आणि बदक गरगरत खाली आलं. तिने मारलेली किंकाळी जिन्यापर्यंत गेली.

श्रोतेहो, जुने गेम आता मोबाइलवरही चालतात आणि ते चांगलंच आहे. पण या गेमचा अर्धा जीव त्या काचेच्या नळीत आहे, आणि घरगुती टीव्हीसाठी अशा नळ्या आता नव्याने बनत नाहीत. तुमच्या घरी चालू डबा टीव्ही असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी चार जणांना विचारा. त्याचं मागचं झाकण मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब साठून राहतो. तसाच, आहे तसा, कोणाच्या तरी हाती द्या. कुठल्या तरी घरात एक मूल बंदूक धरून बसलेलं असेल आणि त्याचं बदक पडत नसेल.